सणाचा स्वयंपाक आणि शेवटचा तास

श्रावण वद्य सप्तमीला सुरतेतल्या असंख्य गुजराती घरांत चूल पेटत नाही. तो शीतला सातमचा दिवस. आदल्या दिवशी, म्हणजे रांधण छठीला, सगळं रांधून ठेवायचं, रात्री शेगडी स्वच्छ करून तिची पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी थंडच जेवायचं, अशी रीत आहे. थेपले, बाजरीचे वडे, पुऱ्या, मोहनथाळ, सुखडी, दही, लोणचं असं ताट भरलेलं असतं. पाहुणे आले तरी घरची बाई त्यांच्याबरोबर बसून जेवते.

त्यानंतर साधारण पंधरवड्याने, भाद्रपदात, सुरतेतल्या मराठी घरांत गौरी येतात. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. गौरीपूजनाच्या दिवशी पुरणपोळी, कटाची आमटी, सोळा भाज्या, अळूवडी, कोशिंबीर, भजी, भात असा नैवेद्य आणि त्यावर वीसेक माणसांची पंगत. इथे मात्र दृश्य वेगळं असतं. पहाटे पाचला उठलेली बाई दुपारी दोनलाही तव्यापाशीच उभी असते. पाहुणे जेवून उठतात तेव्हा तिची भूक मेलेली असते आणि पाठ भरून आलेली असते.

दोन्ही घरांत हात तितकेच सराईत आहेत. कष्टही कमी-जास्त नाहीत; रांधण छठीला गुजराती गृहिणी दिवसभर राबलेलीच असते. मग एका घरात जेवणाची वेळ निवांत आणि दुसऱ्या घरात तारांबळीची, असं का होतं? दोन्ही सणांच्या रीती वेगळ्या आहेत, हे त्याचं अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं उत्तर उष्णतेच्या, पाण्याच्या आणि वेळेच्या काही साध्या नियमांत आहे. ते नियम कळले तर गौरीचंच काय, दिवाळीच्या पाडव्याचं किंवा उत्तरायणाचं जेवणही आधीपासून नीट आखता येतं.

माणसं पाचपट, वेळ किती पट?

रोज चार माणसांचा स्वयंपाक तासाभरात होतो. वीस माणसं म्हणजे पाचपट, तेव्हा पाच तास पुरतील, असा हिशेब आपण मनात मांडतो. पण स्वयंपाकातली सगळी कामं एकाच पटीत वाढत नाहीत. त्यांचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार भांडं तापण्याचा. शेगडीचा बर्नर दर मिनिटाला ठरावीकच उष्णता देतो. घरी एक लिटर पाणी उकळायला पाच मिनिटं लागत असतील, तर पाच लिटरला जवळजवळ पंचवीस मिनिटं लागतील. आमटीचं मोठं पातेलं लवकर उकळत नाही, याचं कारण हेच. आच मोठी करून फारसं साधत नाही, कारण ज्वाळा भांड्याच्या कडेने वर निघून जातात आणि उष्णता वाया जाते.

दुसरा प्रकार शिजण्याचा. एकदा कुकरमध्ये वाफ धरली, की आतलं तापमान साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. तिथून पुढे डाळ पाव किलो असो की किलोभर, शिजायला लागणारा वेळ जवळपास सारखाच असतो. प्रत्येक दाण्याला सारखीच उष्णता मिळत असते. म्हणजे कुकर तापायला वेळ वाढतो, शिजायला वाढत नाही.

तिसरा प्रकार एकेक करून करायच्या कामांचा, आणि खरी गोम इथेच आहे. पुरणपोळी एका तव्यावर एकच भाजली जाते. एका पोळीला लाटण्या-भाजण्यासकट तीन मिनिटं धरली आणि माणशी दोन पोळ्या धरल्या, तर वीस माणसांच्या चाळीस पोळ्यांना १२० मिनिटं लागतात. पूर्ण दोन तास तो तवा आणि तो बर्नर दुसऱ्या कशालाही मिळत नाही. भजी आणि अळूवड्या तळण्याचंही असंच. कढईत एकदम खूप घाणा सोडला तर तेलाचं तापमान खाली येतं आणि भजी तेल पितात, म्हणून घाणे वेगवेगळेच काढावे लागतात.

घाई होते ती या तिसऱ्या प्रकारामुळे. त्यातली बहुतेक कामं गरमागरम वाढायची म्हणून शेवटी ठेवलेली असतात आणि ती सगळी एकाच शेगडीवर येऊन थडकतात.

एकेरी रुळावरची गाडी

सुरतेहून खानदेशात जाणाऱ्या जुन्या प्रवाशांना ताप्ती मार्गावरचं क्रॉसिंग आठवत असेल. उधना ते जळगाव हा मार्ग दुहेरी होण्याआधी बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर अशी गाडी एकाच रुळावरून जायची. समोरून दुसरी गाडी येत असली की एखाद्या लहान स्टेशनात थांबायचं. आपली गाडी कितीही वेगवान असली तरी रूळ मोकळा होईपर्यंत ती हलत नसे. उशीर इंजिनामुळे होत नव्हता, एका रुळावर दोन गाड्या एकाच वेळी आल्याने होत होता. म्हणून त्या मार्गाचं वेळापत्रक आखताना सगळ्यांत आधी प्रश्न असायचा, कोणती गाडी कोणत्या वेळी कुठे बाजूला काढायची.

सणाच्या दिवशी शेगडीचा बर्नर हा तो एकेरी रूळ आहे. हात चार असले, बहिणी-जावा मदतीला आल्या, तरी बर्नर दोनच असतात. सकाळी दहा ते एक या वेळेत त्या दोन बर्नरवर काय काय येणार आहे, हे कागदावर लिहून पाहिलं की अडचण लगेच दिसते. पोळ्यांचा तवा दोन तास. भात. आमटी पुन्हा गरम करणं. तळण. भाजीची फोडणी. हे सगळं तीन तासांत निवांत मावत नाही, आणि मदतीला आणखी माणसं बोलावून मावणारही नाही. त्यातलं काही तरी त्या तीन तासांतून बाहेर काढावंच लागतं.

बाहेर काढण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली, काही पदार्थ आदल्या दिवशी करून ठेवणं. दुसरी, काही काम शेगडीवरून पूर्णपणे हलवणं, म्हणजे भात इलेक्ट्रिक कुकरमध्ये लावणं, आमटी इंडक्शनवर ठेवणं किंवा एखादा पदार्थ बाहेरून आणणं. पहिल्या वाटेला लागण्याआधी कोणता पदार्थ थांबू शकतो आणि कोणता नाही, हे समजून घ्यायला हवं. रांधण छठीच्या ताटात त्याचे धडे एकापुढे एक मांडलेले आहेत.

थांबणारे पदार्थ: पाणी कोणाच्या ताब्यात?

अन्न नासवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला जगायला पाणी लागतं. पण पदार्थात एकूण पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं मोकळं पाणी किती आहे, याला महत्त्व असतं. साखर, गूळ आणि मीठ पाण्याला धरून ठेवतात आणि जिवाणूंच्या हाती लागू देत नाहीत. म्हणून ओलसर दिसणारा मुरांबा महिनोन्‌महिने टिकतो आणि तितकीच ओली नुसती उकडलेली डाळ दुपारपर्यंत आंबते.

आता रांधण छठीचं ताट पाहा. सुखडीत गव्हाचं पीठ तुपात भाजून गूळ घातलेला असतो. पाणी जवळजवळ नाहीच. मोहनथाळात बेसन, तूप आणि साखरेचा पाक. बाजरीचे वडे आणि पुऱ्या तळताना पिठातलं बरंच पाणी वाफ होऊन उडून जातं. थेपल्याच्या कणकेत तेलाचं मोहन आणि दही असतं, आणि तो दोन्ही बाजूंनी तेल सोडून भाजलेला असतो. दही आणि लोणचं आंबट असतात, आणि आम्लात बरेचसे जिवाणू वाढत नाहीत. कोरडेपणा, गोडी, आंबटपणा, खारटपणा आणि तेल-तूप यांपैकी किमान एक तरी राखणदार प्रत्येक पदार्थापाशी उभा आहे. सुरतेची घारीही याच नियमावर चालते. आश्विन पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, सुरती लोक घारी खातात. मावा आणि सुक्या मेव्याचं सारण भरून तुपात तळलेल्या घारीवर पुन्हा तुपाचा थर चढवलेला असतो. तो थर बाहेरची हवा आणि ओल सारणापासून दूर ठेवतो.

थेपला दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो आणि साधी पोळी कडक होते, यामागे आणखी एक कारण आहे. पिठातला स्टार्च शिजताना पाणी पिऊन फुगतो. थंड झाला की त्याचे रेणू पुन्हा एकमेकांना चिकटून रांगेत बसू लागतात आणि पोळी ताठ होते. तेल-तूप या रांगा बांधण्यात अडथळा आणतं. गंमत म्हणजे ही क्रिया फ्रीजच्या थंडाव्यात सर्वांत वेगाने होते. म्हणून पोळ्या मऊ राहाव्यात असं वाटत असेल, तर त्या त्याच दिवसासाठी फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात. फ्रीजमध्ये ठेवलेली पोळी पुन्हा नीट गरम केली की ती बरीचशी मऊ होते, कारण उष्णतेने त्या रांगा मोडतात.

हेच नियम मराठी ताटाला लावू या.

पुरणात गूळ किंवा साखर भरपूर असते आणि ते आटवलेलं असतं. झाकून फ्रीजमध्ये ठेवलं तर ते दोन दिवस चांगलं राहतं. चिंच, गूळ, दाणे आणि मिरचीचं पंचामृत आदल्या दिवशी केलेलं अधिक मुरतं. श्रीखंडासाठी चक्का रात्रभर बांधावाच लागतो, शिवाय तो आंबट असतो. तो टांगलेला असतानाही थंड जागी किंवा फ्रीजमध्ये ठेवावा. अळूवडीचे उंडे आदल्या दिवशी वाफवून थंड करून फ्रीजमध्ये ठेवले, तर दुसऱ्या दिवशी कापून तळणं तेवढं उरतं. थंड उंड्याच्या वड्या सुबकही कापल्या जातात, कारण आतलं बेसन घट्ट बसलेलं असतं.

न थांबणारे पदार्थ: भात, डाळ आणि मोठं पातेलं

काही पदार्थ दिसायला निरुपद्रवी असतात, पण थांबवले तर घात करतात. त्यात पहिला भात. तांदळात ‘बॅसिलस सिरियस’ या जिवाणूचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे जिवाणूची झोपलेली, कवचात गुंडाळलेली अवस्था. हे बीजाणू उकळत्या पाण्यातही तगून राहतात. भात शिजून कोमट अवस्थेत तासन्‌तास बाहेर राहिला, की ते जागे होतात, वाढतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात. पुढे भात कितीही गरम केला तरी ते विष नष्ट होत नाही. म्हणून ‘पुन्हा गरम केलं की झालं’ ही समजूत भातापुरती धोक्याची आहे.

अन्नसुरक्षेचा मुख्य नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: शिजवलेलं अन्न ५ अंशांपेक्षा थंड ठेवा किंवा ६० अंशांपेक्षा गरम ठेवा. मधल्या पट्ट्यात ते दोन तासांहून जास्त राहू देऊ नका. श्रावण-भाद्रपदात सुरतेची हवा दमट असते आणि रात्रीही पारा पंचवीसच्या आसपास असतो. ही जिवाणूंच्या वाढीला सोयीची हवा आहे. ओटा ही त्या दिवसांत साठवणीची जागा नव्हे.

मोठ्या पातेल्याचा धोका आणखी वेगळा आहे. पुरण, उसळ किंवा घट्ट आमटी फ्रीजमध्ये ठेवायची म्हणून आपण भरलेलं पातेलं तसंच आत सरकवतो. पण घट्ट पदार्थातून उष्णता बाहेर यायला वेळ लागतो आणि तो वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थराची जाडी दुप्पट केली तर थंड व्हायला साधारण चौपट वेळ लागतो. दहा सेंटिमीटर खोल पुरणाचा मध्य फ्रीजमध्येही कितीतरी तास कोमटच राहतो. तेच पुरण परातीत किंवा उथळ ताटांत दोन-तीन सेंटिमीटर जाडीने पसरलं, पंख्याखाली वाफ जाऊ दिली आणि मग डब्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवलं, तर ते सुरक्षित वेळात थंड होतं. पुरण चांगलं आटवून पसरायची जुनी पद्धत नुसती सोयीची नाही, शास्त्राच्या कसोटीवरही खरी उतरते.

काही पदार्थ आरोग्याला घातक ठरत नाहीत, पण चव आणि रूप गमावतात. कोशिंबिरीत मीठ घातलं की काकडीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. म्हणून काकडी चिरून ठेवावी, मीठ आणि दही वाढण्याआधी घालावं. चिरलेलं वांगं आणि बटाटा हवेने काळे पडतात. मळलेली कणीक रात्रभर ठेवली तर गव्हातल्या विकरांमुळे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांमुळे, ती काळपट होते. पुरणपोळीच्या कणकेला विश्रांती हवीच, कारण त्या वेळात तिच्यातले ताणलेले धागे सैल पडतात आणि पोळी फाटत नाही. पण त्यासाठी तास-दोन तास पुरतात. ओल्या नारळाची चटणी लवकर आंबते, ती त्याच दिवशी करावी.

सोवळं आणि पूर्वतयारी

इथे मराठी घरांत एक रास्त शंका येते. नैवेद्याचा स्वयंपाक आदल्या दिवशीचा चालत नाही, असं अनेक घरांत मानतात. शीतला सातमचं व्रतच थंड जेवणाचं आहे. गौरीचं तसं नाही. ही श्रद्धा मोडायची काहीच गरज नाही. स्वयंपाकातलं बरंचसं काम शिजवण्याच्या आधीचं असतं, आणि ते आदल्या दिवशी करायला सहसा कुणाची हरकत नसते.

गौरीचा सण तसा आखीवच आहे. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. पहिल्या दिवशी अनेक घरांत भाजी-भाकरीचा साधा नैवेद्य असतो. म्हणजे मोठ्या जेवणाच्या आदला दिवस स्वयंपाकाच्या मानाने हलका असतो, आणि पूर्वतयारीला हाच दिवस वापरता येतो.

त्या दिवशी गूळ किसून मोजून ठेवावा. डाळ निवडून मापून ठेवावी. वेलदोडे, जायफळ कुटून डबीत भरावं. सोळा भाज्या धुऊन, कोरड्या करून, कडकपणाप्रमाणे वेगळ्या कराव्यात. भोपळा, सुरण, गवार यांसारख्या उशिरा शिजणाऱ्या एका डब्यात, दोडका आणि पालेभाज्या दुसऱ्या डब्यात. अनेक घरांत सोळा भाज्या मिळून एकच मिश्र भाजी करतात. तिथे ही वर्गवारी फार उपयोगी पडते, कारण फोडणीत कोणती आधी टाकायची हा विचार त्या दिवशी करावा लागत नाही. अळूची पानं पुसून शिरा काढून ठेवाव्यात. वाढायची ताटं, वाट्या, पळ्या मोजून काढाव्यात. पाइपचा गॅस नसेल तर सिलिंडर हलवून पाहावा. असं एकेक किरकोळ काम सणाच्या दिवशी पाच-दहा मिनिटं खातं, आणि अशी पंधरा-वीस कामं मिळून दोन-अडीच तास होतात.

ज्या घरात सोवळ्याचं बंधन नाही, त्यांनी पुरण, पंचामृत आणि अळूवडीचे उंडे आदल्या दिवशीच उरकावेत.

घड्याळ उलटं चालवा

वेळापत्रक सकाळपासून पुढे आखू नये, जेवणाच्या वेळेपासून मागे आखावं. सगळ्यांत लांब कामांची साखळी कोणती, हे आधी शोधायचं. कारखान्यांची आणि इमारतींची कामं आखताना हीच पद्धत वापरतात. अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीत १९५०च्या दशकाच्या अखेरीस ती विकसित झाली आणि ‘क्रिटिकल पाथ’ या नावाने ओळखली जाते. मर्म एवढंच, की सर्वांत लांब साखळीतलं एक काम दहा मिनिटं रेंगाळलं तर सगळं जेवण दहा मिनिटं लांबतं. इतर कामं थोडी मागेपुढे झाली तरी चालतात.

गौरीच्या जेवणात ही साखळी पुरणपोळीची आहे: डाळ भिजणं, शिजणं, कट काढणं, गूळ घालून आटवणं, वाटणं, निववणं आणि मग पोळ्या. बारा वाजता नैवेद्य आणि आरती, एक वाजता पंगत, असं धरून सगळा स्वयंपाक त्याच दिवशी करायचा तर वीस माणसांसाठी मागे मागे जाऊ या.

एक वाजता पानं वाढायची. साडेबारा ते एक या वेळेत फक्त भजी तळायची आणि कोशिंबिरीत मीठ-दही घालायचं. भात पावणेबाराला दुसऱ्या बर्नरवर लावायचा. झाकण उघडलं नाही तर कुकरमध्ये तो पंगतीपर्यंत गरम राहतो. साडेदहा ते साडेबारा हे दोन तास एक बर्नर पूर्णपणे पोळ्यांच्या तव्याचा. दुसऱ्या बर्नरवर त्या काळात आधी मिश्र भाजी, मग अळूवड्यांचं तळण. साडेनऊला कटाची आमटी उकळून बाजूला काढायची आणि वाढण्याआधी पुन्हा एक उकळी द्यायची. नऊला कणीक मळून झाकायची. आठ ते नऊ पुरण आटवून, वाटून परातीत पसरायचं. सातला डाळ शिजायला, आणि पहाटे पाचला उठल्याबरोबर ती भिजत. उंडे सकाळी वाफवायचे असतील तर सातच्या आधी, शेगडी मोकळी असताना.

आता दिसतं की बारा वाजता सगळ्या पोळ्या तयार नसल्या तरी चालतं. नैवेद्याच्या ताटाला पाच पोळ्या पुरतात. आरती चालू असताना दुसरं कुणी तवा सांभाळू शकतं. हेही दिसतं की पुरण आदल्या दिवशी झालेलं असेल, तर पहाटे पाच ते नऊ हा सगळा पट्टा मोकळा होतो. चार तासांची ही बचत इतर कोणत्याही युक्तीने होत नाही.

काम शेगडीवरून हलवण्याच्या दुसऱ्या वाटेचाही उपयोग करावा. सुरत हे फरसाणाचं शहर आहे. खमण, लोचो, वाफवलेली पातरां, म्हणजे आपल्या अळूवडीची बहीण, दुकानांत तयार मिळतात. १९५१ साली स्थापन झालेल्या इथल्या सुमूल डेअरीमुळे दूध-दही दारात असतं. उत्तरायणाला सुरतेतली कितीतरी कुटुंबं उंधियूची आगाऊ ऑर्डर देतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. नैवेद्य घरचा ठेवून पाहुण्यांच्या पानातले एक-दोन पदार्थ बाहेरचे आणले, तर गौरीच्या मानात काही उणं पडत नाही.

आपला अंदाज का चुकतो?

इतकं आखूनही ‘दहा मिनिटांत होईल’ म्हटलेलं काम अर्धा तास खातं. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये माणसाच्या या सवयीकडे लक्ष वेधलं. काम किती वेळ घेईल हे सांगताना आपण सगळं सुरळीत होईल असं चित्र डोळ्यांपुढे आणतो आणि मागे असंच काम किती लांबलं होतं, हे विसरतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल, असं विचारलं. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता. सगळं बिनसलं तर किती लागतील, याचं उत्तर ४९ दिवस आलं. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही कमीच पडला.

यावर उपाय अंदाज सुधारण्याचा नाही, नोंद ठेवण्याचा आहे. गेल्या वर्षी पोळ्यांना किती वेळ लागला, डाळ किती घेतली, किती पुरण उरलं, कोणती भाजी संपली, याच्या चार ओळी वहीत असतील तर पुढच्या वर्षीचा अंदाज अनुभवावर उभा राहतो. आणि जिथे नोंद नाही, तिथे मनात आलेल्या वेळेत निम्मा आणखी मिळवावा.

वेळापत्रक कागदावर लिहून ओट्यासमोर चिकटवण्याचाही मोठा फायदा होतो. एका वेळी माणसाच्या मनात तीन-चार गोष्टीच ताज्या राहू शकतात. आमटी उकळतेय, पोळी उलटायचीय, दार वाजलंय आणि केळीची पानं आणायची राहिलीत, इथे ती मर्यादा संपते. पुढची गोष्ट लक्षात ठेवण्याचं काम कागदावर सोपवलं की डोकं समोरच्या तव्याला मोकळं मिळतं. चिडचीड कमी होते ती यामुळे.

कागदाचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो फार मोलाचा. ‘काही मदत हवी का?’ असं विचारणाऱ्याला काय सांगावं हे घाईत सुचत नाही, आणि काम अखेर एकटीवरच पडतं. कागदावर प्रत्येक कामापुढे नाव असेल तर विचारण्याची वेळच येत नाही. पानं मांडणं, पाणी भरणं, वाढणं, भांडी विसळणं, नारळ खवणं, तवा सांभाळणं, यांतलं कोणतंही काम एका विशिष्ट माणसाचंच आहे, असं शास्त्र सांगत नाही आणि देवीही सांगत नाही.

थोडक्यात

• जेवणाच्या आधीच्या तीन तासांत प्रत्येक बर्नरवर काय येणार आहे, ते लिहून काढा. मावत नसेल तर पदार्थ हलवा किंवा कमी करा.
• गोड, आंबट आणि कोरडं आदल्या दिवशी चालतं: पुरण, पंचामृत, चक्का. पुरण, चक्का आणि अळूवडीचे वाफवलेले उंडे फ्रीजमध्ये ठेवावेत.
• भात, ओल्या खोबऱ्याची चटणी, कोशिंबीर आणि भजी त्याच दिवशी.
• शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत गार करून फ्रीजमध्ये ठेवा. घट्ट पदार्थ उथळ ताटांत पसरून निववा.
• आमटी, उसळ पुन्हा गरम करताना पूर्ण उकळी द्या.
• लहान मुलं, वृद्ध आणि गरोदर बायकांना ताजंच वाढा.
• वेळापत्रक पंगतीच्या वेळेपासून मागे आखा; सुरुवात सर्वांत लांब साखळीपासून करा.
• प्रत्येक कामापुढे एक नाव लिहा.
• सण झाला की त्याच संध्याकाळी वहीत नोंद करा.

कामांची वाटणी आधी

रांधण छठीने शेजारच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे साधलं, त्याचं सार असं, की काम तेवढंच असतं, त्याची जागा बदलावी लागते. कोणता पदार्थ थांबतो हे त्यातलं पाणी, साखर आणि आंबटपणा ठरवतात, आणि किती काम एका वेळी मावतं हे शेगडी ठरवते. या दोन्ही गोष्टी घरच्या कुणालाही तासाभरात समजावून घेता येतात. स्वयंपाक येत नसलेल्या माणसालाही वेळापत्रक वाचता येतं, डाळ भिजत घालता येते आणि पुरण परातीत पसरता येतं. म्हणून या भाद्रपदात पाहुण्यांची यादी करण्याआधी कामांची यादी करा, आणि तिच्यात घरातल्या पुरुषांची नावं आधी लिहा.